किल्ली सगळ्यांकडे

मैत्रीच्या मालिकांवर लिहायला बसलं की पहिला प्रश्न मैत्रीचा पडत नाही, भाड्याचा पडतो. ‘फ्रेंड्स’मधली मॉनिका गेलर हॉटेलात स्वयंपाक करते आणि मधे एकदा तिची ती नोकरीही जाते. तिच्याबरोबर राहणारी रेचल ग्रीन कॉफीच्या दुकानात ऑर्डरी घेते, त्याही धड घेत नाही. तरीही न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये या दोघींचं घर असं, की दोन झोपायच्या खोल्या, ऐसपैस बैठकीची खोली, मोकळं स्वयंपाकघर आणि वर गॅलरी. हे परवडतं कसं, हा प्रश्न अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं विचारला. मालिकेनं त्याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. घर मॉनिकाच्या आजीच्या नावावर आहे, भाडं जुन्या नियमानं बांधलेलं आहे आणि आजीच्या जागी नात राहते ही गोष्ट घरमालकाला कळता कामा नये. चौथ्या सीझनमध्ये इमारतीचा व्यवस्थापक ट्रीगर नेमकी हीच धमकी देतो. ती टाळण्यासाठी समोरच्या घरातल्या जोईला त्याचा बॉलरूम नाचाचा जोडीदार व्हावं लागतं.

गिरगाव-दादरच्या वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईत गोठवून ठेवलेली भाडी, पागडीची घरं, आजोबांच्या नावची पावती आणि तिच्यावर राहणारी तिसरी पिढी हे सगळं आपल्याकडे इतकं जुनं आहे, की मॉनिकाचं घर मला कधीच खोटं वाटलं नाही. उलट वाटलं, की लिहिणाऱ्यांना मुद्दा नेमका कळलेला होता. मैत्रीला जागा लागते. स्वस्तात मिळालेली आणि आपली नसलेली जागा लागते. आणि उठून जायला सांगणारं वडीलधारं माणूस तिथे असता कामा नये.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या मालिकांवर आहेत, पण सगळे याच एका गोष्टीभोवती फिरतात. एका छपराखाली राहणाऱ्या, पण एकमेकांची कुणी नसलेल्या माणसांच्या या गोष्टी आहेत. मी त्या चाहती म्हणून पाहिल्या आणि चाहती म्हणूनच लिहिल्या आहेत. समीक्षकाचा तटस्थपणा इथे शोधू नये. तो मला जमतही नाही.

कौटुंबिक मालिकेचं इंजिन कशावर चालतं, हे मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. सासू, सून, जाऊ, वारस, वाडा, तिजोरीची किल्ली. या माणसांनी एकमेकांचा कितीही छळ केला तरी दुसऱ्या दिवशी जेवायला त्याच टेबलावर बसावं लागतं, कारण नात्याचा राजीनामा देता येत नाही. त्यामुळे भांडण हजार भाग चालू शकतं. मैत्रीत ती सोय नाही. मित्राशी बिनसलं तर फोन उचलायचा नाही, विषय संपला. मालिका लिहिणाऱ्यासमोर म्हणून पहिली अडचण हीच असते की या पाचसहा जणांना बांधून ठेवायचं कशानं?

आपल्याकडे पूर्वी याचं उत्तर सोपं होतं, मित्रालाच नातेवाईक करून टाकायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या कथांवरून ‘चिमणराव’ आलं. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ ही मराठी छोट्या पडद्यावरची पहिली गाजलेली मित्रांची जोडी म्हणता येईल. पण गुंड्याभाऊ घरात वावरतो तो भाऊ म्हणून. नुसता मित्र असता, तर त्या घरात इतका वेळ कुणी थांबू दिलं असतं की नाही, शंकाच आहे. दुसरं उत्तर शाळा-कॉलेजचं. 1998मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेली ‘हिप हिप हुर्रे’ बारावीच्या वर्गाची होती. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त आणि 2013 साली त्यावर आलेल्या संजय जाधव यांच्या चित्रपटात कट्टा होता. कट्ट्याला भाडं नसतं, पण मुदत असते. परीक्षा झाली, निकाल लागला की मंडळी पांगतात आणि मग लेखकाला एक तर शोकांतिका लिहावी लागते, नाही तर सगळ्यांना नापास करावं लागतं.

तिसरं उत्तर घराचं. मराठीत ते पहिल्यांदा पुरतेपणी दिलं ‘दिल दोस्ती दुनियादारी’नं. 9 मार्च 2015 रोजी झी मराठीवर रात्री साडेदहाला ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक विनोद लव्हेकर. मुंबईतला एक फ्लॅट, नाव ‘माजघर’, आणि त्यात सहा जण. अमेय वाघचा कैवल्य गाण्याच्या मागे लागलेला, सुव्रत जोशीचा सुजय नोकरीच्या शिस्तीत अडकलेला, पुष्कराज चिरपुटकरचा आशू कशाच्याच मागे न लागलेला. स्वानंदी टिकेकरची मीनल फटकळ, पूजा ठोंबरेची अॅना आपल्याच तंद्रीत, आणि सखी गोखलेची रेश्मा लग्न होऊनही संसार न लाभलेली. मला या सहा जणांत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती रेश्मा. तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. दुसऱ्या कुठल्याही मराठी मालिकेत ती नायिका झाली असती आणि नवऱ्याला परत मिळवण्यात तिचे पाचशे भाग गेले असते. इथे तिला राहायला खोली मिळते, भांडी कुणी घासायची यावरून वाद घालायला माणसं मिळतात आणि हळूहळू नवरा हा तिच्या आयुष्यातला एक विषय होतो, एकमेव विषय राहत नाही. साडेदहाच्या त्या वेळेला घरातली मोठी माणसं झोपायला गेलेली असत आणि रिमोट आमच्या हातात येई, हेही विसरून चालणार नाही.

माजघरातल्या गप्पा ऐकताना पहिल्यांदा जाणवलं, की मराठी मालिकेतली पात्रं आमच्यासारखं बोलू शकतात. ‘आपण इथून निघून जावं हेच बरं’ असलं पुस्तकी मराठी तिथे नव्हतं. एकमेकांना नावं ठेवणं होतं, अर्धी वाक्यं होती, एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं होतं. दागिने घालून झोपणाऱ्या बायकांनंतर चुरगळलेला टी-शर्ट आणि न विंचरलेले केस दिसले, याचंसुद्धा केवढं अप्रूप वाटलं होतं! कैवल्य आणि सुजय या दोन मुलांमधलं प्रेम ज्या मोकळेपणानं दाखवलं होतं, ते मला अजूनही फार मोलाचं वाटतं.

20 फेब्रुवारी 2016 रोजी ती संपली. म्हणजे अकरा महिने आणि थोडे दिवस. मुंबईत भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचाच असतो. हा योगायोग असेल, पण माझा तो आवडता योगायोग आहे. आणि दोनच दिवसांनी, 22 फेब्रुवारीला, त्याच साडेदहाच्या जागेवर कोण राहायला आलं? ‘रात्रीस खेळ चाले’. कोकणातला वाडा, अण्णांचा मृत्यू, जमलेले भाऊ-भावजया आणि इस्टेट. भाडेकरू गेले आणि वारस आले. ती मालिका मीही भीत भीत पाहिली, उगाच का खोटं बोला. पण वाहिन्यांच्या वेळापत्रकानं माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला, एवढंच.

हे सगळं लिहिताना ‘फ्रेंड्स’चा एक भाग सारखा समोर येत राहिला. तो थोडा सविस्तर सांगते, कारण मैत्री म्हणजे नेमकी कसली माहिती, हे त्याच्याइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. जानेवारी 1998मधला हा भाग, चौथ्या सीझनचा. समोरच्या घरात राहणारे चँडलर आणि जोई रेचलच्या पिशवीत काय काय किराणा आहे हे न बघता ओळखून दाखवतात. त्यावरून पैज लागते की कोण कुणाला जास्त ओळखतं? त्यांच्यातलाच रॉस प्रश्न काढतो, फळा तयार करतो आणि टीव्हीवरच्या सूत्रसंचालकाच्या थाटात उभा राहतो. पैज वाढत वाढत इथपर्यंत जाते, की मुलं हरली तर त्यांनी पाळलेला कोंबडा आणि बदक घराबाहेर, आणि मुली हरल्या तर त्यांनी आपलं मोठं घर मुलांना द्यायचं.

प्रश्न काय आहेत पाहा. मॉनिका टॉवेलांचे प्रकार पाडते, ते किती? अकरा, जोई सांगतो. रेचल आपला आवडता चित्रपट कुठला असं जगाला सांगते आणि खरा कुठला? जोईच्या लहानपणी त्याचा एक काल्पनिक मित्र होता, त्याचं नाव काय आणि तो काय काम करायचा? चँडलरच्या पत्त्यावर येणाऱ्या टीव्हीच्या साप्ताहिकावर कुठलं चुकीचं नाव छापलेलं असतं? यातलं बरंचसं त्यांना येतं. आणि शेवटच्या फेरीत, तीस सेकंदांच्या घाईत, रॉस विचारतो की चँडलर बिंग नोकरी काय करतो? मॉनिका आणि रेचल एकमेकींकडे बघत राहतात. आकड्यांशी संबंधित काहीतरी आहे, एवढं त्यांना माहीत आहे. रेचल घाबरून एक शब्द ठोकून देते, असा शब्द जगातल्या कुठल्याही शब्दकोशात नाही. घर जातं.

हसून झाल्यावर कळतं, की लिहिणाऱ्यानं काय बारीक काम केलेलं आहे. ज्या माहितीवर लग्नं जमतात ती या मुलींना नाही. हुद्दा काय, पगार किती, कंपनी कुठली. बायोडेटाच्या वरच्या चार ओळी कोऱ्या. आणि ज्या माहितीचा कुणालाही काडीचा उपयोग नाही, ती मात्र इत्थंभूत. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत असताना माझी एक रूममेट पोह्यांतले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला रांगेत लावायची आणि शेवटी एकदम खायची. ती घरी फोनवर आईशी बोलतेय की वडिलांशी, हे मी शेजारच्या खोलीतून चपलांच्या आवाजावरून सांगू शकत असे. आईशी बोलताना ती चालायची. तिच्या साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी मला कौतुकानं विचारलं, “कंपनीत ती नक्की काय बघते गं?” आणि मी म्हणाले, “टेस्टिंगमधलंच काहीतरी, काकू.” त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांच्या दृष्टीनं मी काही फार जवळची मैत्रीण नव्हते.

त्या खोलीत ‘फ्रेंड्स’ आलं ते हार्ड डिस्कमधून. कुणाच्या तरी भावानं कुठून तरी उतरवलेले दहाच्या दहा सीझन पेन ड्राइव्हनं या लॅपटॉपवरून त्या लॅपटॉपवर फिरत. खालचे सबटायटल पुढेमागे असायचे, हसू आधी यायचं आणि विनोद मागून. आमच्या घरमालकीणबाई आठ वाजता गीझर बंद करत आणि ‘मुलांना वर आणायचं नाही’ हा नियम दारामागे कागदावर लिहून लावलेला होता. त्या दाराच्या आत बसून आम्ही असं घर पाहत होतो, जिथे समोरच्या घरातले मुलगे न ठोठावता आत येतात आणि थेट फ्रीज उघडतात. मालिकेतल्या प्रेमप्रकरणांपेक्षा त्या फ्रीजचा मला जास्त हेवा वाटत असे. आमच्या फ्रीजमध्ये प्रत्येकीच्या डब्यावर नावाची पट्टी होती.

22 सप्टेंबर 1994 ते 6 मे 2004. दहा सीझन, 236 भाग. डेव्हिड क्रेन आणि मार्टा कॉफमन यांची निर्मिती. शेवटचा भाग अमेरिकेत सव्वापाच कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. त्या भागात सहाही जण घराची आपापली किल्ली काढून ओट्यावर ठेवतात. तेव्हा लक्षात येतं, की घर दोघांचं असलं तरी किल्ली सगळ्यांकडे होती. तुलनेसाठी सांगते, आठवड्याला सहा भाग दाखवणारी मराठी दैनंदिन मालिका वर्षभराच्या आतच 236चा आकडा मागे टाकते. अमेरिकेत दहा वर्षांत जेवढं लिहिलं गेलं, त्याहून जास्त आमच्याकडे एका वर्षात लिहिलं जातं आणि सकाळी लिहिलेलं संध्याकाळी चित्रित झाल्याची उदाहरणं या धंद्यातली माणसं हसत हसत सांगतात. माजघरातले काही आठवडे पाणी घातल्यासारखे का झाले, याचं उत्तर या हिशेबात आहे. तरीही जे टिकलं त्याचं म्हणून मला जास्त कौतुक वाटतं.

‘फ्रेंड्स’चं हसू खरं आहे का, असं अनेक जण विचारतात. बरंचसं खरं आहे. बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत सुमारे तीनशे प्रेक्षकांसमोर नाटकासारखं चित्रीकरण व्हायचं. भिंती तीनच, चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि त्यामागे माणसं. म्हणून कॉफीच्या दुकानातला तो सोफा नेहमी आपल्याकडे तोंड करून असतो. विनोदावर लोक हसले नाहीत, तर लेखक तिथल्या तिथे नवी ओळ लिहून देत आणि प्रसंग पुन्हा घेतला जाई. मराठी नाटकवाल्यांना हे सहज पटेल. प्रयोगागणिक वाक्य घासूनपुसून घेणं आपल्याकडे नवं नाही.

पण त्या तीनशे माणसांच्या हसण्याची किंमत काय होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चँडलरचं काम करणारा मॅथ्यू पेरी 2021च्या पुनर्भेटीच्या कार्यक्रमात म्हणाला, की लोक हसले नाहीत तर आपण मरून जाऊ असं त्याला वाटायचं. शेजारी बसलेल्या त्याच्या सहकाऱ्यांनाही तोवर याची पुरती कल्पना नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. 2022 साली त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात व्यसनांचा सगळा पाढा आहे, आणि पडद्यावरचं आपलं वजन बघून कुठल्या सीझनमध्ये आपण कशाच्या आहारी होतो हे ओळखता येतं, असंही तो सांगे. 28 ऑक्टोबर 2023ला तो गेला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. तेव्हापासून माझ्यासारख्यांना ती मालिका पूर्वीसारखी पाहता येत नाही. ज्या माणसाची नोकरी काय हे त्याच्या मैत्रिणींना माहीत नव्हतं म्हणून आपण हसलो, त्या माणसाचं चाललंय काय हे त्या खोलीत खरोखरच फारसं कुणाला माहीत नव्हतं. हे पुस्तक लिहिताना मी त्या भागावरचं प्रकरण बदललं नाही. विनोद उत्तमच आहे. फक्त तो आता एकट्यानं येत नाही.

त्याच सहा जणांबद्दल एक गोष्ट मात्र ऐकून बरं वाटतं. पहिल्या सीझननंतर कुणाचा भाव जास्त, कुणाचा कमी, अशी फूट पडायला सुरुवात होऊ शकली असती. डेव्हिड श्विमरनं पुढाकार घेतला आणि सहाही जणांनी ठरवलं, की करार एकत्र करायचा, पैसे सारखे घ्यायचे. शेवटच्या दोन सीझनला प्रत्येकाला एका भागाचे दहा लाख डॉलर मिळत होते. आपल्या नाटक-सिनेमाच्या इतिहासात मानधनावरून तुटलेल्या जोड्या आठवल्या, की या एकजुटीचं वजन कळतं. मैत्रीवरच्या मालिकेतली सगळ्यात मैत्रीपूर्ण कृती पडद्याबाहेर, वकिलांच्या टेबलावर झाली.

आता माझ्या लाडक्या मालिकेकडे येते. ‘द गोल्डन गर्ल्स’. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल आणि हे पुस्तक वाचून एवढा एक बदल झाला तरी मला पुरे. 1985 ते 1992, 180 भाग, सुसान हॅरिस यांची निर्मिती. मायामीत एक घर. मालकीण ब्लांश, विधवा. तिनं किराणा दुकानातल्या फलकावर भाडेकरू हवेत अशी चिठ्ठी लावली आणि तिथेच तिला रोझ भेटली, तीही विधवा. डोरोथी घटस्फोटित. आणि डोरोथीची आई सोफिया, जी राहत होती त्या वृद्धाश्रमाला आग लागली म्हणून लेकीच्या दारात येऊन उभी राहिलेली. सोफियाचं काम करणारी एस्टेल गेटी ही तिच्या ‘मुली’चं काम करणाऱ्या बी आर्थरपेक्षा वयानं लहान होती, ही गंमत चाहत्यांना तोंडपाठ. चौघींनाही या कामासाठी एमी पुरस्कार मिळाला.

साठीच्या घरातल्या बायका रात्री झोप येत नाही म्हणून स्वयंपाकघरात जमतात, चीजकेक काढतात आणि बोलत बसतात. शरीरसुखाबद्दल, गेलेल्या नवऱ्यांबद्दल, पैसे संपण्याच्या भीतीबद्दल. आपल्याकडे या वयाच्या बाईला मालिकेत दोनच जागा आहेत, देवघर आणि कारस्थान. मुलगा परदेशात आणि आई पुण्यात, हे आता निम्म्या सोसायट्यांचं चित्र आहे, पण चार बायकांनी मिळून घर करावं ही कल्पना अजून आपल्या मालिकेत शिरलेली नाही.

1990 साली आलेल्या ‘द गोल्डन गर्ल्स’च्या एका भागात रोझला पत्र येतं की शस्त्रक्रियेच्या वेळी तिला दिलं गेलेलं रक्त दूषित असू शकतं, एचआयव्हीची तपासणी करून घ्या. निकालाला तीन दिवस लागणार. एड्सच्या नावानं लोक थरथर कापत तो हा काळ. या तीन दिवसांत सोफिया, सगळ्यांची लाडकी फटकळ म्हातारी, रोझच्या कपांवर ‘आर’ अक्षर काढून ठेवते. आपल्याकडून चुकून तो कप उचलला जाऊ नये म्हणून. डोरोथी तिला झापते. सोफियाचं म्हणणं साधं आहे, मला कळतं की हे चूक आहे, पण मला भीती वाटते. हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पडद्यावर विनोदी मालिका चालू आहे हेच विसरले. वेगळा कप म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वळचणीला खोचून ठेवलेली कपबशी ज्यांनी पाहिली किंवा ज्यांच्यासाठी ठेवली गेली, त्या सगळ्यांना तो ‘आर’ वाचता येतो. मालिकेनं सोफियाला खलनायिका केलं नाही आणि माफही केलं नाही. स्वयंपाकघरातल्या एका कपावर एवढं सगळं पेलणं सोपं नसतं.

यावरूनच या सगळ्या प्रेमातला एक सल सांगायला हवा. एका छपराखाली कुणीही येऊन राहावं असं म्हणणाऱ्या या मालिकांच्या घरांत प्रत्यक्षात कोण राहतं? ‘फ्रेंड्स’च्या न्यूयॉर्कमध्ये दहा वर्षांत काळी माणसं शोधावी लागतात. गंमत अशी, की त्याच वॉर्नर ब्रदर्सची ‘लिव्हिंग सिंगल’ ही मालिका ‘फ्रेंड्स’च्या वर्षभर आधी, 1993मध्येच सुरू झाली होती. ब्रुकलिनमध्ये राहणारे सहा कृष्णवर्णीय मित्र-मैत्रिणी, मध्यभागी क्वीन लतीफा, निर्माती इव्हेट ली बाउझर. तिच्या वाट्याला ना तेवढी जाहिरात आली, ना तेवढी जगभर फिरणारी प्रसिद्धी. मार्टा कॉफमन यांनी 2022 साली आपली खंत जाहीर बोलून दाखवली आणि ब्रँडाइस विद्यापीठात आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाच्या अध्यासनासाठी चाळीस लाख डॉलर दिले. चांगलंच केलं, पण मालिका पुन्हा चित्रित होत नाहीत.

आणि आपलं माजघर? मुंबईत घर शोधताना आडनाव विचारलं जातं, डब्यात काय असतं ते विचारलं जातं, एकट्या मुलीला रात्री किती वाजता परत येणार ते विचारलं जातं. सोसायटीची सभा ‘बॅचलरना जागा नाही’ असा ठराव करून मोकळी होते. माजघरात अॅना मॅथ्यूज आहे, हे मला त्या मालिकेचं धाडस वाटतं आणि ते तेवढ्यावर थांबलं हीही तिची मर्यादा वाटते. दलाल, डिपॉझिट, सेक्रेटरी आणि आडनाव यांच्यावर मैत्रीची एक मालिका मराठीत लिहिली जायला हवी. लिहिणाऱ्यांची कमतरता नाही.

2017मध्ये तेच सहा कलाकार ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन परत आले. पात्रं नवी, गोष्ट नवी, मधोमध ‘खयाली पुलाव’ नावाचं हॉटेल. माझ्यासारख्यांनी पहिल्या दिवशी मुहूर्तासारखं टीव्हीसमोर ठाण मांडलं. काही महिन्यांत ती संपली. माणसं तीच होती, एकमेकांना टाळी देणारा अमेय-सुव्रतचा सहजपणा तोच होता, मग अडलं कुठे? मला वाटतं, हॉटेलात अडलं. धंदा आला की नफा-तोटा येतो, गिऱ्हाईक येतं, प्रत्येक प्रसंगाला काम चिकटतं. माजघरात दोन पात्रं पूर्ण भागभर नुसती लोळत पडू शकत होती. काही न घडण्याची ती चैन हॉटेलला परवडत नाही. त्याउलट, याच चमूतले काही जण 2016मध्ये ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात एकत्र आले, तेव्हा प्रयोगाला आलेली तरुण गर्दी मालिकेतली ओळख घेऊनच नाट्यगृहात शिरली. मनस्विनी लता रवींद्र यांचं लेखन, निपुण धर्माधिकारी यांचं दिग्दर्शन. मराठी नाटकाला विशी-पंचविशीतला प्रेक्षक मिळत नाही, ही रडकथा त्या दिवसांत थोडी बंद झाली होती.

पाहिलेलंच पुन्हा का पाहता, असं घरी विचारतात. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की त्याकडे लक्ष द्यावं लागत नाही. भाजी निवडता येते, इस्त्री करता येते, आणि कानावर सवयीचे आवाज पडत राहतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला बाजूच्या खोलीतल्या गलक्यात झोप लागते, तसंच हे. माझ्या ओळखीत बे एरियात राहणारी एक मुलगी आहे, ती स्वयंपाक करताना माजघरातले जुने भाग लावून ठेवते. पाहत नाही, ऐकते. तिला घरातलं मराठी हवं असतं, आणि फोनवरचं आईचं मराठी प्रश्न विचारतं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. लेख कालक्रमानं लावलेले नाहीत. आधी घरांच्या मालिका, मग कट्ट्यांच्या, शेवटी शेजाराच्या. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ शेवटच्या भागात आहे. गोकुळधाम ही मैत्रीची मालिका आहे का, यावर वाद घालता येईल, पण रात्री अब्दुलच्या दुकानापुढे सोडा पीत उभे राहणारे ते पुरुष आणि अडचणीत सापडलेल्या जेठालालनं मेहतासाहेबांना ‘फायर ब्रिगेड’ म्हणून हाक मारणं मला वगळवेना. 2008पासून चाललेल्या त्या मालिकेचं पुढे काय झालं याबद्दल माझं मत लेखात आहे, ते कडक आहे. ज्यांनी ‘द गोल्डन गर्ल्स’ अजून पाहिलेली नाही त्यांनी तिच्यावरचा लेख आधी वाचू नये, कारण शेवटच्या भागात डोरोथी निरोप घेऊन दाराबाहेर पडल्यावर काय करते, ते मी तिथे सांगून टाकलं आहे.

‘सेक्स अँड द सिटी’वर स्वतंत्र लेख का नाही, असं हस्तलिखित वाचणाऱ्या दोघींनी विचारलं. त्या चौघी आपापल्या घरी राहतात, जेवायला बाहेर भेटतात आणि बिल भरून निघून जातात. माझ्या मांडणीत त्या बसत नाहीत. दोघींनाही हे उत्तर पटलेलं नाही आणि त्यांनी आपले आक्षेप मला लांबलचक व्हॉइस नोटवर पाठवले आहेत. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आलीच तर ते ऐकेन.